ते पळतात, आपण चालतो

बसा बसा, मागे पण खुर्च्या आहेत. तर आजचा विषय एकच शब्द, रन. पहिलीतल्या पोराला पण येतो, रन म्हणजे पळणे, झालं. पण ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत या एका क्रियापदाचे अर्थ किती दिलेत माहितीये? ६४५! पीटर गिलिव्हर म्हणून तिथले एक संपादक, त्यांना ही एवढी एक नोंद लावायला नऊ महिने लागले, म्हणजे बाळंतपणच की हो ते.

आधी हा मान सेट या शब्दाकडे होता, १९८९ च्या वीस खंडांच्या आवृत्तीत त्याचे ४३० च्या आसपास अर्थ. सेट म्हणजे मुळात सिटचं पोर, आपल्याकडे बसणे-बसवणे आहे ना तसं. मग रन पुढे गेला, आणि त्याचं जे कारण सांगतात ते मला पटतं. यंत्रं. आगगाड्या आल्या, गिरण्या आल्या, मग कॉम्प्युटर आले आणि या सगळ्यांना इंग्रजांनी पळायला लावलं.

आता माझी फजिती सांगतो. कॉलेजात असताना भाषांतराची हौस होती, एका वाक्यात कोणीतरी न्यूजपेपर 'रॅन' असं होतं, मी बिनधास्त लिहिलं की तो वर्तमानपत्र घेऊन पळाला. सर हसले नाहीत, नुसतं विचारलं, अरे, टिळकांनी केसरी काय केला? चालवला! तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. इंग्रजीत जे जे पळतं ते आपल्याकडे चालतं. दुकान चालतं, घड्याळ चालतं, पिक्चर चालतो, घर तर आई चालवते, आणि माणूस जरा जास्तच चालायला लागला की त्याला आपण म्हणतो, लई चालू आहे. बँकेतलं चालू खातं घ्या, इंग्रजीत करंट अकाउंट. हा करंट लॅटिनमधून आला आणि तिथे त्या धातूचा अर्थ पळणे! म्हणजे रोमन माणसाचे पैसे पळत होते, आपले चालतायत, आणि माझे तर दहा तारखेनंतर बसूनच असतात.

पण सगळीकडे हा हिशोब जमत नाही हां. इंग्रजीत नाक, कपड्याचा रंग, नळ सगळं रनच, पण आपलं नाक चालत नाही, नाक वाहतं. नव्या साडीचा रंग जातो. नळ आपण सोडतो. कारण जुन्या इंग्रजीपासून रनला पाय पण आहेत आणि पाणी पण, माणसाचं पळणं आणि पाण्याचं वाहणं दोन्हीला तोच शब्द, आपल्याकडे पहिल्यापासून दोन वेगळे, त्यामुळे आपला घोळ होतो. ताप तर कशातच बसत नाही, त्यांचा पेशंट टेंपरेचर 'रन' करतो, आपल्याकडे ताप येतो, तो पण पाहुण्यासारखा, न सांगता. आणि दूध रन आउट झालं म्हणजे कोणी स्टंप उडवलेला नाही, दूध संपलंय, आणायला जा.

माझा भाचा आयटीत आहे, तो म्हणतो मामा प्रोग्राम रन होत नाहीये. मी म्हटलं चालत नाहीये म्हण की, तर म्हणे तसं ऑफिसात म्हटलं तर लोक बघत बसतील. असेल बुवा. पण त्याचीच बाईक बंद पडली की मात्र ती चालत नाही असंच म्हणतो, रन होत नाही असं काही तो म्हणत नाही.

निवडणुकीचं मात्र मला सगळ्यात आवडतं. अमेरिकेत उमेदवार पदासाठी रन करतो, ब्रिटनमध्ये स्टँड करतो, म्हणजे एकीकडे पळतोय, दुसरीकडे उभा आहे. आपला उमेदवार? निवडणुकीला उभा राहतो. राज्य इंग्रज करून गेले, अमेरिकन नाही, एवढंच म्हणतो. आणि निवडून आल्यावर तो बसतो की पळतो, हे तुमच्या वॉर्डात तुम्ही बघा.