नाव पुसलेला कारागीर : जॉन मोझेस ब्राउनिंग

आजच्या व्याख्यानासाठी मला ‘इतिहासातील सर्वांत प्रभावी बंदूक-रचनाकार’ असा अनेकवचनी विषय सुचवण्यात आला होता, परंतु तासाभरात पाचपंचवीस नावे मोजून दाखवण्यापेक्षा एकाच माणसाबद्दल नीट बोलावे असे मी ठरवले. हा प्रश्न कोणालाही विचारला तर पहिले उत्तर एके-४७ चा रचनाकार कलाश्निकॉव असे येते. मुंबईत तर या बंदुकीची ओळख करून देण्याची गरजच नाही, कारण २००८ च्या नोव्हेंबरात गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी जी नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, ती त्याच घराण्यातली होती. तरीही माझे उत्तर वेगळे आहे. कलाश्निकॉवचे नाव त्याच्या बंदुकीला चिकटून राहिले. ज्याच्या कल्पना इतक्या सर्रास झाल्या की त्यांच्यावरचे नावच पुसले गेले, असा माणूस जॉन मोझेस ब्राउनिंग.

त्याचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील यूटा प्रांतात, ऑग्डन या गावी झाला. वडील जोनाथन हे बंदुका घडवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर होते. मॉर्मन पंथाच्या लोकांबरोबर स्थलांतर करीत ते तेथे आले होते आणि त्यांच्या तीन बायकांना मिळून बावीस मुले होती. वडिलांच्या दुकानातल्या मोडक्या नळ्या, तुटके खटके आणि भंगाराचा ढीग हीच जॉनची शाळा. पुढे आयुष्यभर त्याने कागदावर रीतसर आराखडे फारसे काढलेच नाहीत. मनात यंत्र पूर्ण फिरताना दिसले की तो पत्र्याचे साचे कापायचा, पोलाद घासायचा आणि भावांच्या मदतीने चालणारा नमुनाच उभा करायचा; नकाशे मग कारखान्यातले लोक त्या नमुन्यावरून काढत. यंत्राचा विचार हातांनी करणारी माणसे आपल्याकडच्या वर्कशॉपांतही भेटतात, पण त्या विचाराला पेटंटच्या भाषेत बसवणारी क्वचितच. ब्राउनिंगच्या नावावर १२८ पेटंट आहेत.

त्यांतले पहिले १८७९ चे, एका वेळी एकच काडतूस मावणाऱ्या रायफलीचे. ती रायफल विंचेस्टर कंपनीच्या नजरेस पडली आणि १८८३ मध्ये कंपनीचा वरिष्ठ अधिकारी बेनेट हा रेल्वेने इतक्या दूर ऑग्डनला आला. ब्राउनिंगने दहा हजार डॉलर मागितले, सौदा आठ हजारांवर ठरला. पुढची एकोणीस वर्षे तो एकामागून एक रचना कंपनीला विकत राहिला. १८८६, १८९२ आणि १८९४ च्या विंचेस्टर रायफली या त्याच्याच. मात्र विकत घेतलेल्या रचनांपैकी बहुतेक कंपनीने कधी बनवल्याच नाहीत. प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू नयेत म्हणून पैसे देऊन त्या कपाटात ठेवल्या. रचनाकाराच्या प्रभावाचा हिशेब मांडताना ही कपाटे आपण विसरतो.

आता १८८९ मधला एक प्रसंग जरा जवळून पाहू. ऑग्डनजवळ नेमबाजी चालू होती. नेम धरणारा आणि ब्राउनिंग यांच्यामध्ये थोडे उंच गवत होते आणि प्रत्येक बाराबरोबर नळीच्या तोंडातून सुटलेल्या वायूने ते आडवे होत होते. हे दृश्य बंदूक चालवणाऱ्या प्रत्येकाने शेकडो वेळा पाहिलेले असते. ब्राउनिंगला मात्र त्यात फुकट चाललेली शक्ती दिसली आणि तो नेमबाजी सोडून दुकानात परतला. गोळी जाईल एवढे भोक असलेला एक जड लोखंडी ठोकळा त्याने नळीच्या तोंडासमोर ठेवला आणि बार काढला. गोळी भोकातून निर्वेध गेली, पण ठोकळा दुकानभर उडाला. मग एका जुन्या रायफलीला त्याने असे जोडकाम केले की वायूच्या जोराने तिची काडतूस भरण्याची यंत्रणा आपोआप चालू लागली. पाच वर्षांपूर्वी, १८८४ मध्ये, लंडनला हायरम मॅक्सिमने बंदुकीचा उलटा धक्का वापरून तिलाच पुढचे काडतूस भरायला लावले होते; ब्राउनिंगने दुसरा मार्ग शोधला, तो वायूचा. आजच्या बहुतेक लष्करी रायफली, कलाश्निकॉवचीही, वायूच्याच जोरावर चालतात.

पिस्तुलांच्या बाबतीत तर त्याचा ठसा इतका खोल आहे की तो दिसतच नाही. चित्रपटातला पोलीस पिस्तुलाचा वरचा भाग खस्सकन मागे ओढतो आणि सोडतो. त्या भागाला स्लाइड म्हणतात. नळीवर बसणारे आणि काडतुसामागची भिंतही पोटात घेऊन मागेपुढे सरकणारे हे आवरण म्हणजे ब्राउनिंगचीच करणी. बेल्जियममधील हर्स्टाल येथील एफएन कारखान्याने १९०० च्या सुमारास ते बाजारात आणले. पुढे त्याने मोठ्या काडतुसांसाठी आणखी एक युक्ती केली. बार होताना नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकींत अडकून बरोबर मागे येतात. दाब उतरला की नळीचा मागचा भाग खाली झुकतो, अडक सुटते आणि स्लाइड एकटी मागे जाऊन रिकामी पुंगळी फेकते. आजच्या बहुसंख्य सैन्यांची नऊ मिलिमीटरची पिस्तुले याच तत्त्वाचे फेरफार आहेत. १९१४ साली साराजेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड याच्यावर झाडलेले, ज्या हत्येनंतर पहिले महायुद्ध पेटले ते पिस्तूलही ब्राउनिंगचे, एफएनचे १९१० चे. हा त्याचा दोष असे मी म्हणणार नाही, पण प्रभावी माणसांचे चरित्र सांगताना फक्त अभियांत्रिकीची पाने वाचून दाखवणेही प्रामाणिकपणाचे नव्हे.

बेल्जियमशी नाते घट्ट झाले ते एका भांडणामुळे. स्वयंचलित छर्ऱ्यांच्या बंदुकीसाठी १९०२ मध्ये त्याने एकरकमी किमतीऐवजी नगामागे रॉयल्टी मागितली. बेनेटने नकार दिला आणि एकोणीस वर्षांचा व्यवहार संपला. ब्राउनिंग रेमिंग्टन या दुसऱ्या बंदूक कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांना भेटायला गेला. तो बाहेर वाट पाहत बसला असतानाच हार्टली हृदयविकाराने गेल्याची बातमी आली. मग नमुना घेऊन त्याने अटलांटिक ओलांडला. त्या वर्षापासून एफएन हे त्याचे दुसरे घर झाले.

पहिल्या महायुद्धातली कामगिरी थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वत्र वाचायला मिळते. मे १९१७ मध्ये त्याच्या मशीनगनने शासकीय चाचणीत वीस हजार फैरी न अडखळता झाडल्या. कोणी शंका काढू नये म्हणून दुसरी मशीनगनही आणण्यात आली. ती ४८ मिनिटांहून अधिक वेळ अखंड चालली. हक्कांसाठी सरकारने देऊ केलेले साडेसात लाख डॉलर त्याने घासाघीस न करता घेतले. नेहमीची रॉयल्टी याच्या कित्येक पट झाली असती. विंचेस्टरशी पैशांवरून संबंध तोडणारा माणूस तो हाच.

शेवटच्या पिस्तुलाच्या वेळी मात्र त्याच्या स्वतःच्याच पेटंटांनी त्याला अडवले. १९११ च्या पिस्तुलाची पेटंटे त्याने पूर्वीच कोल्ट कंपनीला विकली होती, म्हणून फ्रेंचांच्या मागणीवरून एफएनसाठी नवे पिस्तूल करताना त्याला स्वतःच्याच जुन्या कल्पनांना वळसा घालावा लागला. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी हर्स्टालच्या कारखान्यात, मुलाच्या कार्यालयात, त्याचे हृदय बंद पडले. पेटंटांची मुदत १९२८ मध्ये संपली तेव्हा त्याचा बेल्जियन सहकारी द्युदोने सेव्ह याने ती जुनी चांगली अंगे पुन्हा त्यात घातली. दुहेरी रांगेत तेरा गोळ्या मावणारे मॅगझिनही सेव्हचेच. १९३५ मध्ये हे पिस्तूल ‘हाय पॉवर’ नावाने बेल्जियन सैन्यात आले. दुसऱ्या महायुद्धात सेव्ह इंग्लंडला गेला आणि पुढे एफएएल ही रायफल त्याने रचली. तिच्यावरून पश्चिम बंगालमधील इशापूरला झालेल्या रायफलीला आपले जवान आणि पोलीस ‘एसएलआर’ म्हणतात. हाय पॉवर त्या काळात कॅनडात टोरांटोला तयार होऊ लागले, आणि त्याच घडणीचे पिस्तूल पुढे इशापूरच्या रायफल फॅक्टरीत निघाले. आपल्या लष्करी अधिकाऱ्याच्या कमरेला वर्षानुवर्षे जे ‘नाइन एमएम’ लटकत आले, त्याच्या सरकारी नावात पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए एवढेच आहे. ब्राउनिंगचे नाव त्यात कुठेही नाही.