चावडीवरची हजेरी आणि आजची चॅप्टर केस

नमस्कार श्रोतेहो. कोल्हापुरात कायद्याचा विषय निघाला की हल्ली गाडी सर्किट बेंचवरच, म्हणजे उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठावरच, येऊन थांबते. येणारच. चाळीस वर्षांहून अधिक काळ मोर्चे, उपोषणं, कामबंद झाल्यावर 18 ऑगस्ट 2025 पासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टात उच्च न्यायालयाचं कामकाज सुरू झालं. आज मात्र मी तुम्हाला जरा मागं, गावच्या चावडीवर नेणार आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानातल्या महार, मांग, रामोशी, बेरड माणसाला चावडीवर हजेरी द्यावी लागे. चोरी त्यानं केलेली असो वा नसो. दिवसभर रानात राबून आलेल्या माणसानं गावकामगारापुढं उभं राहायचं आणि आपण गावातच आहोत हे दाखवायचं. पाहुण्यांकडं जायचं, मयताला जायचं, तरी आधी चावडीचा विचार. त्याचा अपराध एवढाच, की तो अमुक घरी जन्मला.

ब्रिटिश मुलखात तर यासाठी खास कायदाच होता. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेत आला आणि 1911 नंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला. सोलापुरात तारेच्या कुंपणात माणसं ठेवली. त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात.

राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये आपल्या संस्थानातली ही हजेरी बंद केली. चोर म्हणून शिक्का बसलेल्या फासेपारध्यांना कोल्हापूरजवळच्या सोनतळीला आसरा दिला आणि पहाऱ्याचं काम त्यांच्याच हाती सोपवलं. ज्याच्यावर चोर म्हणून नजर ठेवायची, त्यालाच राखणदार नेमायचं! दरबारातल्या कितीजणांची झोप उडाली असेल. मला स्वतःला त्याहून मोठी वाटते ती वकिलीच्या सनदांची गोष्ट. अस्पृश्य समाजातल्या तरुणांना महाराजांनी सनदा दिल्या. चावडीवर खाली मान घालून उभं राहणाऱ्यांची मुलं कोर्टात ताठ मानेनं बाजू मांडायला लागली.

स्वातंत्र्यानंतर, 31 ऑगस्ट 1952 ला, गुन्हेगार जमाती कायदा गेला. पुढं सराईत गुन्हेगारांसाठी 1959 चा मुंबईचा कायदा आला. त्यात जात नाही, झालेल्या शिक्षा मोजायच्या. कागदावर हा फरक फार मोठा आहे. पण पालावरच्या माणसाला विचारा. गावात चोरी झाली की पोलिसांची पहिली गाडी कुठं येते, ते तो सांगेल.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली, कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला, आणि विमुक्त जमातींच्या, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या, लोकांना मनमानी अटक होऊ नये असंही पोलिसांना बजावलं. स्वयंपाक कोणी करायचा आणि संडास कोणी साफ करायचे, हे जातीवरून ठरवायची मुभा काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत तोवर शिल्लक होती. आपल्या कळंब्याच्या कारागृहात कैद्यांनी वळलेले लाडू अंबाबाईचा प्रसाद म्हणून आपण घेतलेत. वळणाऱ्याची जात कुणी विचारली होती?

आता चॅप्टर केसबद्दल. गणपती किंवा निवडणूक जवळ आली की नोटिसा निघतात आणि घरातली माणसं घाबरतात. ही शिक्षा नव्हे. पुढं नीट वागेन, असा बाँड लिहून घ्यायची ती कारवाई आहे. पूर्वी सराईतांसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 110 लागायचं. 1 जुलै 2024 पासून त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 129 लागतं. तुमच्याविरुद्ध माहिती काय आहे, हे दंडाधिकाऱ्यानं लेखी आदेशात सांगायला हवं आणि त्यावर चौकशीही व्हायला हवी. नुसतं ‘रेकॉर्डवरचा आहे’ एवढ्यावर भागत नाही. तो कागद मागून घ्या. वाचल्याशिवाय सही करू नका.

अटकच झाली, तर कारण सांगणं आणि नातेवाइकाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढं उभं करावंच लागतं. वकील परवडत नसेल, तर कोठडीतल्या माणसाला आणि कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. त्यासाठी कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, नाहीतर 15100 ला फोन लावा.