३८८ नंबरचं दार

(दृश्य: कोल्हापुरात राजारामपुरीतलं मामांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. अर्धं शटर खाली. आत दिवा.)

राजारामपुरीत पत्ता विचारला की आधी गल्लीचा नंबर सांगतात, घराचं नाव मागून येतं. कॉम्प्युटरच्या पोटातही कारभार असाच नंबरावर चालतो. कीबोर्डचा नंबर ६०, प्रिंटरचा ३७८. आणि १९८७ साली कॅनडातल्या क्वेबेकच्या अ‍ॅडलिब कंपनीनं आपलं म्युझिक कार्ड बसवलं ३८८ वर. त्या काळातले गेम सुरू होताना या दारावर थाप मारायचे. थाप म्हणजे काय, तर कार्डातला टायमर चालू करायचा, ८० मायक्रोसेकंद थांबायचं आणि ‘झालं का’ म्हणून विचारायचं. आतून उत्तर आलं तर संगीत. नाही आलं तर पीसी स्पीकरची पिपाणी, एका वेळी एकच सूर.

हा मामांचा जुना कॉम्प्युटर, पीसी-एक्सटी. भंगारात जाताना त्यांनी अडवलेला. ४.७७ मेगाहर्ट्झ, ६४० केबी मेमरी, दोन फ्लॉपी, हार्डडिस्क नाही. याच्या ३८८ वर कधीच कुणी राहायला आलं नव्हतं.

(दृश्य: तळहातावर दोन आयसी.)

मूळ कार्ड आज मिळालं तर मिळतं, आणि किंमत ऐकून माणूस खाली बसतो. म्हणून मामांनी ते स्वतःच बनवायचं ठरवलं. त्याचा जीव दोनच आयसींत आहे, दोन्ही यामाहाच्या. वायएम ३८१२ सूर तयार करते, आकड्यांच्या रूपात. तिच्याशेजारची आठ पायांची वायएम ३०१४ त्या आकड्यांचा विजेचा चढउतार करते. पुढं एलएम ३८६ अ‍ॅम्प्लिफायर. तो बघून मामा हसले. ‘‘ह्यो तर आपला घरचाच की रं!’’

सूर तयार करायची तऱ्हा मजेशीर आहे. एक लहर दुसरीला हलवते. सावकाश हलवली तर गळ्यातल्या आंदोलनासारखं ऐकू येतं. फारच भरभर हलवली की कानाला हलणं कळत नाही, आवाजाची जातच बदलते. त्याची घंटा होते, बासरी होते, कधी पत्र्याचा डबाही होतो. जॉन चाउनिंग यांना हे १९६७ मध्ये स्टॅनफर्डला उमगलं. यामाहानं पुढं त्याचा परवाना घेतला आणि ते आयसीत कोंबलं.

(दृश्य: टीपॉयवर प्लास्टिकचा ट्रे. तपकिरी पाणी. तांबं विरघळतंय.)

बोर्ड घरीच. नक्षी कागदावर छापून इस्त्रीनं तांब्यावर उतरवायची आणि बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये हलवत बसायचं. मामीच्या फरशीवरचे डाग अजून गेलेले नाहीत, तो विषय इथं नको. स्लॉटमध्ये शिरणाऱ्या बाजूला एकतीस अधिक एकतीस तांब्याच्या पट्ट्या. दोन पट्ट्यांत अंतर एक दशांश इंच. कड कानशीनं तिरकी केली. मागची लोखंडी पट्टी उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींनी चहा संपायच्या आत वाकवून दिली.

वायएम ३८१२ ला ३.५८ मेगाहर्ट्झचा ठोका लागतो. टीव्हीवाल्याच्या ड्रॉवरमध्ये ठोका देणारा क्रिस्टल असतो ४.४३ चा, कारण आपले जुने रंगीत टीव्ही ‘पाल’ या प्रसारण पद्धतीचे. ३.५८ अमेरिकेचा. मामा तोच ४.४३ डकवायला निघाले होते. चालला असता तर पांढरी एकमधलं गाणं थेट पांढरी तीनच्या आसपास वाजलं असतं! शेवटी कळलं की स्लॉटमध्येच १४.३१८ चा ठोका येतो. त्याला चारनं भागलं की काम झालं.

(दृश्य: काळा पडदा. फ्लॉपीची घरघर. ती मध्येच थांबते.)

पहिल्या रात्री कार्डानं उत्तर दिलं, पण गेम लोड होतानाच लटकायला लागला. कार्ड काढलं की व्यवस्थित. चार दिवस मामांनी सोल्डरच्या डागांवर संशय घेतला, सगळे पुन्हा दिले. मग कार्ड बसवलेलं असताना एका फाईलची नक्कल केली आणि दुसऱ्या मशीनवर मूळ फाईलशी ताडून पाहिली. चुका निघाल्या, पण कशाही नाहीत. दर १०२४ बायटांनी एक बिघाड, मोजून मापून.

फ्लॉपीचा माल प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत जातो. त्या वेळी तारांवर जो नंबर असतो तो मेमरीतल्या जागेचा, दाराचा नव्हे. ‘हा नंबर तुझा नाही, गप्प बस’ असं कार्डाला सांगणारी एईएन नावाची एक तार असते. मामांनी ती जोडलीच नव्हती. त्यामुळं मेमरीच्या पत्त्याच्या शेवटच्या दहा बिटांत ३८८ आलं की, म्हणजे दर १०२४ बायटांनी, आमचं कार्ड ‘ओ’ देऊन मध्ये बोलायचं.

एक तार जोडली. गेम वाजला. मामांनी तो पाच मिनिटांत बंद केला.

(दृश्य: आकड्यांनी भरलेली वही. शेजारी मामी.)

कारण त्यांना तंबोरा हवा होता. या आयसीला सूर आकड्यात सांगावा लागतो. काळी एकचा सा म्हणजे ३६५, चौथा ब्लॉक (म्हणजे सप्तक). पेटीवरनं हिशेब करून त्यांनी पंचम ५४७ आणि गंधार ४६० टाकला. मामी भाजी निवडत होती. तिचं गाणं शिकणं लग्नानंतर सुटलं, कान सुटला नाही.

‘‘अहो, हा पेटीचा गंधार झाला. खाली घ्या.’’

४५९. मान नकारार्थी. ४५८. मामी थांबली, ऐकलं, अजून नाही.

४५७.

तिनं निवडायची भाजी बाजूला ठेवली आणि सा लावला.