भांडणांनी जपलेली पुस्तकं

श्रोतेहो नमस्कार. आज बोलायचंय ते भांडणाच्या पुस्तकांबद्दल. म्हणजे एकोणिसाव्या शतकात मुंबईत धर्मावरून जे वाद झाले, एकीकडे पाद्री आणि दुसरीकडे आपले शास्त्री-पंडित, त्या वादांची जी पुस्तकं छापून निघाली त्यांच्याबद्दल. मराठीत 1867 पर्यंत जे छापलं गेलं त्याला ग्रंथालयवाले दोलामुद्रितं म्हणतात. त्या साली छापलेल्या पुस्तकांची सरकारदरबारी नोंद करायचा कायदा आला, त्याआधीचं पुस्तक ज्याने जपलं त्याच्याकडे राहिलं, नाहीतर गेलं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, 1898 साली स्थापन झालेली संस्था ही, अशा दोलामुद्रितांचा संग्रह आहे, आणि त्या काळच्या पुस्तकांत धर्माच्या वादाचा वाटा मोठा आहे.

पण त्या वादांकडे जायच्या आधी मला तुम्हाला गणपत कृष्णाजींची गोष्ट सांगायचीय. मी ही कुठेही सांगते, मला आवडतेच ती.

झालं काय, अमेरिकन मिशनने मुंबईत छापखाना घातला आणि 1817 पासून मराठीत छोटी छोटी धर्मपुस्तकं छापायला सुरुवात केली. ती लोकांना वाटली जायची, आणि त्यात आपल्या देवांवर, मूर्तिपूजेवर टीका असायची. गणपत कृष्णाजी म्हणजे मुंबईतले एक भंडारी गृहस्थ. त्यांनी ही मिशनची छापील पुस्तकं बघितली आणि त्यांच्या मनाने घेतलं की असंच आपल्या धर्माचं का छापू नये? आता मनात येणं सोपं आहे हो, पण यंत्र कुठून आणायचं, शाई कुठून आणायची, शिकवायला कोण बसलंय? तर या माणसाने काय केलं, स्वतःच्या अकलेने एक लाकडी यंत्र तयार केलं! दगडाचे तुकडे जमवले, कारण ही शिळाछापाची पद्धत, म्हणजे तेलकट शाईने दगडावर अक्षर उमटवायचं, दगड ओला करायचा, मग पुन्हा शाई फिरवली की ती फक्त अक्षराला धरते आणि बाकीचा ओला दगड कोराच राहतो. तर दगड जमवले, शाई स्वतः बनवून बघितली, जमली नाही तर परत दुसरी बनवली, असं करत करत त्यांनी छापणं जमवलं, आणि मग पुढे लोखंडी यंत्र घेतलं. आणि 1831 साली त्यांनी पंचांग छापलं. पुन्हा सांगते, 1831, आणि छापलं काय तर पंचांग. मला याचं फार कौतुक वाटतं, कारण घरात दुसरं एकही पुस्तक नसलं तरी पंचांग लागतंच, तिथी बघायला, सणवार बघायला, मुहूर्त बघायला, आणि तोवर ते हाताने नकलून घ्यावं लागायचं.

आणि लोकांनी उड्या मारून घेतलं का? तर नाही. छापलेला कागद म्हणजे विटाळ, त्या शाईत चरबी असते, असा समज होता, सोवळ्यातला माणूस हात लावेना. गोविंद नारायण माडगावकरांनी 'मुंबईचें वर्णन' लिहिलं ते 1863 सालचं, त्यात त्यांनी लिहिलंय की छापील कागदाला न शिवणारे लोक अजूनही आहेत. म्हणजे बघा, पंचांग छापून तीस वर्षं होऊन गेली तरी! तर गणपत कृष्णाजींनी यावर उपाय काय काढला, असं सांगतात की त्यांनी शाईत चरबीच्या जागी चक्क तूप घातलं. तुपाची शाई! पोथी तुपाच्या शाईने छापली म्हटल्यावर मग कुणाची हरकत राहणार? हळूहळू लोक घ्यायला लागले, आणि ज्यांनी नाकं मुरडली होती त्यांच्याही घरात ते पंचांग गेलं. पुढे त्यांनी टाइपाचे साचेही स्वतःच तयार केले, स्वतःचे खिळे ओतले, आणि त्यांच्या छापखान्याची छपाई इतकी नेटकी की आजही ती पानं बघत राहावं. आपल्या मुलांना शाळेत गुटेनबर्गचं नाव पाठ करायला लावतात, लावा, चांगलंच आहे, पण गणपत कृष्णाजींवर एक धडा असायलाच हवा असं माझं ठाम मत आहे, आणि तो भाषेच्या पुस्तकात हवा, इतिहासाच्या नव्हे, कारण इतिहासाचं पुस्तक मुलं परीक्षा झाली की विसरतात.

तर मुद्दा असा की मिशनच्या पुस्तकांमुळे आपला छापखाना उभा राहिला. हे लक्षात ठेवा, आता वादांकडे येते.

तेच साल, 1831. स्कॉटिश पाद्री जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच, यांचा मोरभट्ट दांडेकरांशी जाहीर वाद झाला. वाद झाल्यावर मोरभट्टांनी आपली बाजू छापली, 'हिंदुधर्मस्थापना' म्हणून. विल्सननी 1832 मध्ये त्याला इंग्रजीत उत्तर छापलं, आणि उत्तराच्या आधी, पुस्तकाच्या सुरुवातीलाच, मोरभट्टांच्या पुस्तकाचा अख्खा इंग्रजी अनुवाद दिला. म्हणजे ज्याचं खोडायचं त्याचं म्हणणं आधी पूर्ण छापायचं. विल्सनचं उत्तर मला सगळं पटतं असं नाही, बरंच कठोर आहे ते, पण ही रीत मला फार मोठी वाटते. मग साताऱ्याचे नारायणराव पुढे आले, त्यांनाही विल्सननी 1834 मध्ये उत्तर दिलं.

आणि 1857. विष्णुबुवा ब्रह्मचारी, मूळचे विष्णु भिकाजी गोखले, कोकणातले, कस्टममध्ये नोकरी केलेले, मग सगळं सोडून सप्तशृंगीला जाऊन राहिलेले. हे मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दर गुरुवारी संध्याकाळी पाद्र्यांशी वाद घालायचे, जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत, आणि ऐकायला ही गर्दी! तिकडे उत्तरेत बंड पेटलं आणि इकडचे वाद थांबले. या वादांचा वृत्तांत छापला कोणी, तर जॉर्ज बोवेन या अमेरिकन पाद्र्याने, म्हणजे समोरच्या पार्टीनेच, इंग्रजीत, त्याच साली. नंतर मराठीतही 'समुद्रकिनारींचा वादविवाद' निघाला.

म्हणून माझं ग्रंथालयांना सांगणं आहे, ही पुस्तकं वेगळी करू नका. हिंदू धर्माची एका कपाटात आणि ख्रिस्ती धर्माची दुसऱ्या कपाटात असं करतात, ते चूक आहे. हल्ला आणि उत्तर शेजारी शेजारी ठेवा. स्कॅन करताना पण दोन्ही करा, एकाचं करून दुसरं राहिलं की अर्धंच संभाषण हाती येतं, आणि अर्धं ऐकून माणसं लगेच रागावतात.

आणि आता तुमच्यासाठी. तुमच्या घरी माळ्यावर, पणजोबांच्या ट्रंकेत जर एखादं जुनं बाड असेल, चार-पाच पातळ पुस्तकं एकत्र बांधलेलं, तर मुखपृष्ठ फाटलंय म्हणून रद्दीत घालू नका. अशाच बाडात ही वादाची पुस्तकं असतात. सेलोटेप लावू नका, अजिबात लावू नका, त्याचा डिंक कागदात उतरतो आणि मग तो डाग निघत नाही. लॅमिनेशन तर नकोच नको. नवीन बाइंडिंग करायची घाई करू नका, कारण बाइंडर कडा कापतो आणि समासात कुणी वाचकाने शाईने लिहिलेलं असतं ते कापलं जातं, आणि वादाच्या पुस्तकात समासातलं लिखाण म्हणजे तिसरा वादी, सगळ्यात प्रामाणिक तोच असतो. सुती कापडात सैल गुंडाळा, कोरड्या जागी ठेवा, आणि जवळच्या जुन्या ग्रंथसंग्रहालयात फोन करून विचारा, आमच्याकडे असं असं आहे, साल असं आहे, बघता का. साल दिसत नसेल तर छापखान्याचं नाव शोधा, शेवटच्या पानावर असतं कधी कधी. तिथे गणपत कृष्णाजी दिसलं तर त्याच दिवशी फोन करा. नमस्कार.