चिमणीनं दार का उघडलं नाही?

(केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत चौथी ते सहावीच्या भाषाशिक्षकांसमोर केलेलं भाषण, थोडं आवरून.)

विषय दिलाय ‘कथेचे घटक कसे शिकवावेत’. वेळ दिलीय २० मिनिटं. माझ्यानंतर जेवण आहे, हे तिघांनी येऊन कानात सांगितलं. घटक सहा, फळ्यावर लिहून ठेवलेत: पात्र, स्थळकाळ, अडचण, घटनाक्रम, शेवट, निवेदक. त्यांच्याकडे येतोच. आधी एक तक्रार.

माझं भांडण तात्पर्याशी आहे. ३७ वर्षं फळ्यापाशी काढली, त्यातली निम्मी मीही ‘तात्पर्य काय?’ विचारण्यात घालवली. परीक्षेत मुद्द्यांवरून गोष्ट लिहायची, वर शीर्षक, खाली तात्पर्य. पोरं हुशार. खोटं बोलू नये, आळस करू नये, एकीचं बळ मोठं. एवढी तीन तात्पर्यं खिशात असली की सातवीपर्यंत निभावतं. गोष्ट ऐकायचीही गरज नाही. (हसलात ना? म्हणजे तुमच्याकडेही तेच.)

एकदा तपासणीला साहेब आले. पाचवीचा वर्ग, बाहेर धो धो पाऊस, पत्र्याचा ताशा वाजतोय. साहेब म्हणाले, गोष्ट सांगा. त्या पावसात दुसरं काय सुचणार? कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. पाचवीला ही बालवाडीची गोष्ट, पण पोरं रंगली. ‘चिऊताई चिऊताई, दार उघड!’ अख्खा वर्ग ओरडायचा. ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे.’ गोष्ट संपली. साहेबांनी पहिल्या बाकावरच्याला उठवलं. तात्पर्य?

पोरगं म्हणालं, “घर मेणाचं बांधावं.”

साहेब माझ्याकडे बघतायत, मी पत्र्याकडे. तेवढ्यात मागून आवाज, “मग उन्हाळ्यात काय करायचं?” झालं, वाद पेटला. शेण भिजतं, मेण वितळतं, अर्धा वर्ग कावळ्याच्या बाजूचा. त्या गोंधळात खिडकीजवळची एक मुलगी उठली. वर्षभरात चार वाक्यं बोलली असेल. म्हणाली, “सर, तिला दार उघडायचंच नव्हतं. ती कारणं काढत होती.”

का गं?

“कावळा पिल्लं पळवतो ना.”

वर्ग गप्प. मी ती गोष्ट किती वेळा सांगितली असेल. अंघोळ, पावडर, तीट ही मला नुसती गंमत वाटायची. त्या पोरीला दाराआड उभी असलेली आई दिसली. साहेबांनी शेरा काय लिहिला? ‘विद्यार्थ्यांना तात्पर्य सांगता येत नाही.’ ती वही मी बरीच वर्षं जपून ठेवली होती.

तेव्हापासून माझे प्रश्न दोनच. यात कुणाला काय हवंय? आणि मध्ये काय आडवं येतंय? कावळ्याला आत यायचंय, आडवं दार. चिमणीला पिल्लं सांभाळायचीत, आडवा शेजारधर्म. एकाच दाराच्या दोन बाजूंना दोन अडचणी...

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. बरं, पाच मिनिटं. पळतो.

पात्र. नाव, रूप, स्वभाव असा तक्ता भरून घेऊ नका. काय हवंय ते सापडलं की स्वभाव आपोआप हाती लागतो. स्थळकाळ. मुलं ‘आटपाट नगर होतं’ लिहून मोकळी होतात. त्यांना विचारा, भोपळ्यातल्या म्हातारीच्या लेकीच्या गावाला एसटी जात असती तर? मग रान नाही, वाघ नाही, भोपळाही नाही. जागा बदलली की गोष्टच मोडते, हे त्यांना एवढ्यावर कळतं. अडचण मघाशी झाली.

घटनाक्रम. मुलांच्या वहीतले ‘मग’ मोजायला लावा. मग तो उठला, मग शाळेत गेला, मग जेवला. एका पानात १४ निघालेले मी पाहिलेत. जिथे ‘मग’ काढून ‘पण’ किंवा ‘म्हणून’ बसतो, तिथे गोष्ट चाललीय. बसत नाही तिथे दिनचर्या आहे. हे मुलांचं मुलांनाच करू द्या, तुमचं लाल पेन लांब ठेवा.

शेवट. चिमणी-कावळ्याचा शेवट घरोघरी वेगळा. कुठे कावळ्याला चटका बसतो, कुठे तो रात्रभर कुडुमकुडुम चणे खातो. आजीला विचारून आणा म्हणावं. दोन शेवट शेजारी मांडायचे आणि विचारायचं, आपल्या चिमणीला यातला कुठला शोभतो? यात चूक-बरोबर नाही, कारण सांगता आलं पाहिजे.

राहिला निवेदक. हा शब्द पाचवीला सांगूच नका. तीच गोष्ट कावळ्याच्या तोंडून पाच ओळींत लिहायला द्या. बहुतेक जण लिहितील, ‘चिमणी बाळाला तीट लावत होती.’ तिथे थांबवायचं. अरे, तू बाहेर पावसात उभा आहेस, दार बंद आहे. तुला तीट दिसली कशी? पोरं खोडतात आणि लिहितात, ‘चिमणी म्हणाली की ती तीट लावतेय.’

बाकी फळ्यावर आहे, उतरवून घ्या. आमटीचा वास आलाय, आता तुम्ही ऐकणार नाही.