वल्हं निवडताना

श्रोतेहो, नमस्कार. कयाक, म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं चालवायची अरुंद नाव, घ्यायची म्हटलं की माणूस नावेवर सढळ हातानं खर्च करतो आणि वल्हं मात्र दुकानदार देईल ते उचलून आणतो. आज मला त्या वल्ह्याची बाजू मांडायची आहे. मिनिटाला 50 फटके धरले तरी तासाला 3000 होतात, आणि त्यातला प्रत्येक फटका तुमच्या खांद्यातून जातो.

आधी तरंगण्याचं बोलू. कयाक तरंगते ती तिनं बाजूला सारलेल्या पाण्याच्या जोरावर. त्यात वल्ह्याचा वाटा नाही. पण वल्हं हातातून निसटलं, तर ते वर राहिलंच पाहिजे. अ‍ॅल्युमिनियम पाण्याच्या 2.7 पट जड, कार्बन फायबर साधारण दीडपट. मग ही वल्ही तरंगतात कशी? पुरात आपल्याकडं गुऱ्हाळाची काहील नावेसारखी वापरतात, ती आठवा. धातूचीच, पण पोकळ, म्हणून तरंगते. पोकळ दांड्याचंही तसंच. फरक एवढाच, की काहिलीत शिरलेलं पाणी दिसतं, दांड्यात शिरलेलं दिसत नाही.

म्हणून वल्हं आणलं की आधी त्याची परीक्षा घ्या. दोन तुकड्यांचं असेल तर जोड सोडवा. एकेक तुकडा काठाजवळच्या पाण्यात आडवा दाबून धरा आणि थोडा वेळ बघत राहा. पात्याच्या मुळाशी किंवा आतल्या बुचाशी बुडबुड्यांची बारीक माळ निघाली, तर हवा बाहेर येतेय आणि पाणी आत जातंय. बाहेर काढून कानाशी हलवा, खळखळ ऐकू येते. असं वल्हं घेऊन खोल पाण्यात जाऊ नका.

आता वजन. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा आणि प्लास्टिकचं पातं असलेलं वल्हं एक किलोच्या आसपास भरतं, चांगलं कार्बनचं 700 ग्रॅमच्या आसपास. पण निव्वळ काट्यावरचा आकडा बघून निर्णय घेऊ नका. दांड्याच्या मध्यावरचं वजन हातांना फारसं जाणवत नाही. टोकाच्या पात्यातलं वजन दर फटक्याला वर उचलावं लागतं आणि फिरवावं लागतं. वल्हं मध्ये धरून दोन्ही बाजूंना झुलवून पाहा, लगेच कळेल. महागड्या पात्यांच्या पोटात फोम भरतात तो यासाठीच. पातं हलकं राहतं आणि फटका संपला की पाण्यातून आपसूक वर येतं.

लाकडाला मात्र कमी लेखू नका. साग पाण्याच्या साधारण दोन-तृतीयांश जड, म्हणजे भरीव असूनही तरंगतो. ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांनी वाहून आलेल्या लाकडातून लांब, अरुंद पात्यांची वल्ही घडवली आणि त्यावर समुद्र पालथा घातला. वॉर्निश निघालं की लाकूड पाणी पितं आणि जड होतं, एवढं सांभाळा.

पात्याचा आकार नीट पाहा. खालची कड आखूड असते, कारण पातं पाण्यात तिरकं शिरतं; ती आखूड ठेवली की दांड्याच्या दोन्ही बाजूंना सारखं पाणी लागतं आणि वल्हं हातात पिळत नाही. मधोमध उभा उंचवटा असेल तर पाणी दोन्ही अंगांनी सारखं निसटतं, पातं फडफडत नाही. मोठं पातं म्हणजे जास्त वेग, असं नवख्याला वाटतं. रंकाळ्याच्या संथ पाण्यात ते थोडा वेळ खरंही ठरतं, नंतर खांदे बोलायला लागतात. लांबच्या पल्ल्याला माझी पसंती लहान पात्यालाच. स्वस्त प्लास्टिकचं पातं दाबाखाली वाकतं आणि जोर थोडा वाया जातो. पण नदीतल्या दगडगोट्यांत तेच टिकतं.

शेवटी पंचगंगेवर जाणाऱ्यांसाठी. आपल्या कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, बसवलेले असले की वरचं पाणी शांत, सरावाला छान. पण बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल, तर खालच्या अंगाला ते फेसाळतं आणि उलटं फिरतं. फेसात हवा जास्त, म्हणून पाण्याची घनता कमी. तिथं लाइफ जॅकेटसुद्धा नेहमीएवढं उचलून धरत नाही आणि कुठल्याही पात्याला पकड मिळत नाही, मग ते कार्बनचं असो की सागाचं. बंधारा दिसला की बऱ्याच अलीकडं काठाला लागा आणि कयाक उचलून पायवाटेनं पुढं न्या.