तुटलं तिथून पुढे

(दृश्य: नागपुरातलं घर, ट्यूबलाइट, कूलरची घरघर)

मे महिना. रात्रीचे नऊ वाजले, तरी भिंत तापलेलीच आहे. ट्यूबलाइटभोवती किडे जमलेत आणि पाल टपून बसली आहे. तिची शेपटी नीट बघा. मुळाशी एक रंग, पुढे एकदम दुसरा. त्या जोडावर ती कधीतरी तुटली होती.

पालीची शेपटी दोन मणक्यांच्या मधून तुटत नाही. एकेका मणक्याच्या ऐन मध्यावर जन्मतःच एक कच्ची जागा असते, तिथून ती सुटते. तुकडा वळवळत राहतो, मांजर त्याच्यातच गुंतते. इकडे जखमेवर कातडी धरते, खाली पेशींचा उंचवटा येतो. मज्जारज्जूतल्या निवांत पडलेल्या मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, जाग्या होऊन भराभर वाढू लागतात. काही आठवड्यांत शेपटी तयार!

पण आत मणके नसतात, कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक ऊतीची एक सलग नळी असते. म्हणून नव्या भागातून ती पुन्हा तशी सुटत नाही. पुढच्या वेळी तुटायचीच झाली तर आणखी मुळाशी, जुन्या मणक्यातून.

हुबेहूब परत मिळवणारा जीव म्हणजे प्लॅनेरिया, गोड्या पाण्यातला इवलासा चपटा कृमी. डोकं कापा, मेंदूसकट नवं येतं. शरीराच्या २७९व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही अख्खा कृमी उभा राहतो, हे जीवशास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गन यांनी १८९८मध्ये नोंदवलं. कारण त्याच्या अंगभर मूलपेशी आयुष्यभर शाबूत असतात. २०११मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी किरणोत्सर्गाने एका कृमीच्या सगळ्या मूलपेशी मारल्या. तो मरणारच होता. त्याच्यात दुसऱ्या कृमीची एक पेशी सोडली. एकच! तिच्या वंशजांनी त्याचं सगळं शरीर हळूहळू पुन्हा घडवलं. या प्रयोगाचं नवल मला अजून ओसरलेलं नाही.

(दृश्य: पेंच, सिल्लारी परिसर, पहाट)

आपण सस्तन प्राणी यात फार मागे. तरी हा चितळ बघा. याची शिंगं गळतात आणि पुन्हा फुटतात. हाड, रक्तवाहिन्या, मज्जातंतू, कातडी, सगळं नव्याने. कपाळावरच्या खुंटाला वेढलेल्या पातळ आवरणात त्या मूलपेशी राहतात. सध्या शिंगावर मखमल, म्हणजे मऊ लव असलेली कातडी आहे, आत रक्त खेळतंय, म्हणून तो फांद्यांपासून डोकं जपून चालतो आहे. वाढ पुरी झाली की मखमल सुकेल, आणि एखाद्या खोडावर घासून घासून तो ती सोलून काढेल.